पुढची सीट

घाटंजीच्या जिनिंग फॅक्टरीत नागोराव फिटर होता, आणि फिटर माणसाला जी खोड असते ती त्याला अंमळ जास्तच होती. कोणतीही वस्तू आहे तशी राहू द्यावी हे त्याला जमतच नसे. जेवायला बसला की ताटाच्या एका कडेखाली चिपाड सरकवायचा, म्हणजे वरण आपसूक भाताकडे येतं. दाराच्या कडीला दोरी बांधून ती त्यानं खाटेपर्यंत आणली होती, पडल्यापडल्या दार उघडता यावं म्हणून. आठ दिवसांत घरातल्या बकरीला त्या दोरीची चटक लागली आणि दार भरदुपारी आपलंआपण उघडू लागलं. त्याची बायको रुखमाबाई यावर काही बोलली नाही. तिनं दोरी सोडली आणि वाळवणाला बांधली, एवढंच. रुखमाबाईचं बोलणं कमी आणि नागोरावाला ऐकण्यापेक्षा ठोकण्याची हौस, त्यामुळे संसार बरा चालला होता.

अशा माणसाच्या हाती एकसष्ट साली एक पिकअप पडली. लढाईच्या वेळची, लिलावातून फॅक्टरीत आलेली आणि नंतर सहा वर्षं आवारातल्या चिंचेखाली उभी. मागच्या हौद्यात कोंबड्या अंडी घालत. शेठजी एक दिवस वैतागून म्हणाले, मोडीच्या भावात घेऊन जा बाबा, जागा तरी मोकळी होईल. नागोराव घरी जाऊन विचारून येतो म्हणालासुद्धा नाही. त्याचा जिवलग उकंडा गाडीवान होता. त्यानं आपली बैलजोडी मोटारीला जुंपली आणि भर बाजारातून ती वरात गावाच्या पूर्वेला, बौद्ध वस्तीत आली. मोटारीला बैल ओढतात हे पाहून घाटंजी हसली. हसू दे. हसणाऱ्यांपैकी निम्मे लोक पुढं त्याच मोटारीत बसून यवतमाळला गेले.

इंजिन फिरायला पावणेदोन वर्षं लागली. फॅक्टरीतून सुटल्यावर आणि रविवारी नागोराव मोटारीच्या पोटाखाली असायचा. पाहुणे त्याच्या पायांशी बोलत. एकदाची ती धडधडली आणि मग त्याच्या खऱ्या कामाला सुरुवात झाली. मोडक्या बैलगाड्यांच्या फळ्या आणून त्यानं हौद्याला नवा तळ ठोकला. कापसाच्या गाडीला लावतात तसे बांबूचे तट्टे दोन्ही बाजूंना उभे केले. दारं गंजून गेली होती, म्हणून लाकडी दारं बसवली आणि त्यांना घरासारखी कडी-कोयंडा लावला. नवखा माणूस आत यायच्या आधी कडी वाजवायचा. काचेवरचं पाणी पुसायला एक रबरी पट्टी होती, तिला दोन सुतळ्या. एक सुतळी ड्रायव्हरनं ओढायची, एक शेजारी बसणाऱ्यानं, ताक घुसळल्यासारखी. न्हाव्याकडचा जुना आरसा बाहेर बसला, जुन्या टायरच्या झडपा चाकांमागे लोंबल्या, माठासाठी लोखंडी कडं झालं. बाजाराच्या दिवशी खेड्यातल्या माळणी भाजीच्या टोपल्या घेऊन यायच्या, त्यातल्या म्हाताऱ्यांना चढता येईना, म्हणून मागे तीन पायऱ्यांची घडीची शिडी आली. ज्याला जे अडलं ते नागोरावानं मोटारीला लावलं. विचारायचा मात्र अवकाश असे. न विचारणाऱ्याचं त्याच्या लक्षात येत नसे, हा त्याचा दोष, आणि तो मी झाकून ठेवणार नाही.

मोटारीच्या कागदांचे अर्ज लिहून दिले ते सदाशिवरावांनी. तहसिलीत हेडक्लार्क, ब्राह्मण आळीतले, अक्षर मोत्याचं आणि स्वभाव खारकेचा, वरून कोरडा पण गोड. अर्जाचं त्यांनी काही घेतलं नाही. महिन्यातून एकदा यवतमाळला जायचं ते पुढच्या सीटवर बसून जायचे, तेवढीच ती परतफेड, आणि पुढची सीट त्यांची हे कोणी ठरवलं नव्हतं तरी सगळ्यांना ठाऊक होतं. उकंडा मागं हौद्यात, चाकाला लावायचा दगड मांडीवर घेऊन. गाडीवानाची सवय जाता जात नाही. चढ लागला की तो माळणींवर ओरडे, "पुढं सरका वं सगळ्या, गाडी उलार होईन!" बैलगाडी मागं कलली की बैल गळफासात लटकतात, हे त्याच्या हाडात भिनलेलं. माळणीही गाडीतच वाढलेल्या, त्या टोपल्यांसकट पुढं सरकत. मोटार आपली आहे तशीच चढ चढे.

आता खरी गोष्ट. रुखमाबाईची आई कांताबाई. नवरा गेलेला, मुलगा नाही, म्हणून लेकीच्या घराला लागून खोपट बांधून राहायची. जावयाच्या तुकड्यावर जगते असं कोणी म्हणू नये म्हणून चूल वेगळी. जात्याच फटकळ, आणि वस्तीतली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मलेली, त्यामुळे तिला उलट बोलायची कोणाची टाप नव्हती. छप्पन सालच्या दसऱ्याला वस्तीतली माणसं नागपूरला निघाली, कोणी पायी, कोणी उकंड्याच्या गाडीतून. कांताबाईनं पांढरं लुगडं धुऊन ठेवलं होतं, दशम्या बांधल्या होत्या. आणि निघायच्या सकाळी रुखमाबाईला कळा सुरू झाल्या. नागोराव उंबऱ्यात घुटमळत राहिला तेव्हा सासूच म्हणाली, "तुमी जा जवाईबापू. तुमी राहून काय करसान? मी हाये अठी." तो गेला. दीक्षा घेऊन आला तेव्हा घरात नलू झाली होती, आणि दशम्या शेजारपाजारच्या पोरांनी खाल्ल्या होत्या.

पुढल्या साली एक भंतेजी गावात आले आणि राहिलेल्या लोकांना वस्तीतच दीक्षा दिली. कांताबाई तिथं गेली, मागं बसली, सगळं ऐकलं आणि तशीच उठून आली. म्हणाली, "माह्या पायानं जाईन. जथी सगळ्यायनं घेतली तथीच घेईन." घरातले देव तिनं केव्हाच नाल्यात सोडले होते, त्याबद्दल वाद नव्हता. पण नागपूर हुकलं ते हुकलंच, असं तिला वाटे. दर दसऱ्याला ती जावयाला समोर बसवून ते मैदान कसं होतं ते पहिल्यापासून विचारायची. माणसं किती होती? ऊन होतं का? सगळे एकदम बोलले तेव्हा आवाज कसा आला? नागोराव सांगायचा, आणि सांगताना दर वर्षी थोडा ओशाळायचा. आपण गेलो ते हिच्या जागेवर पाय देऊन गेलो, हे त्याला मनातून टोचत होतं.

आणि बासष्ट साली विहिरीवर पाय घसरून कांताबाईचा खुबा मोडला. हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या, हाड जुळलं, पण डावा पाय काठीसारखा ताठ राहिला. एस.टी.च्या दोन बाकांमध्ये तो मावेना. एकदा नेऊन पाहिलं तर कंडक्टर म्हणाला, आजी, पाय खिडकीतून बाहेर काढता का? तिनं त्याला जे उत्तर दिलं ते लिहिण्यासारखं नाही. त्यानंतर ती नागपूरचं नाव काढेनाशी झाली. चौसष्टच्या पोळ्याला मात्र सहज बोलावं तसं बोलली, "आता दसरे मोजूनच राह्यले माह्ये." नागोरावानं हातातला पाना खाली ठेवला. म्हणाला, "आत्याबाई, या दसऱ्याले तुमाले मी नेतो. मोटार काय कोंबड्यायसाठी घेतली का?"

बोलला आणि कामाला लागला. पोळ्यापासून दसऱ्याला पुरता दीड महिनाही नव्हता.

पहिली कल्पना अशी की पाय वाकत नाही तर वाकवायचाच कशाला? निजवून न्यावं. त्यानं दोन जाड बांबू घेतले, त्यांच्यामध्ये सुती नवार विणली आणि जुन्या ट्यूबच्या पट्ट्या करून ती खाट हौद्याच्या तट्ट्यांना टांगली. खड्डा आला तरी खाट नुसती झुले. स्वतः निजून पाहिलं तर त्याला झोपच लागली. मग कांताबाईला निजवलं, अंगावर पांढरी चादर टाकली, आणि चार माणसांनी बांबू उचलून तिला हौद्यात चढवलं. मोटार बाजारातून हळूहळू निघाली. पहिल्याच दुकानदारानं डोक्यावरची टोपी काढली. दुसरा गादीवरून उठून उभा राहिला. चौकात पूनमसिंग नावाचा ओळखीचा कापूसवाला सायकल थांबवून उकंड्याच्या कानाशी लागला, "कवा गेली गा?"

चादरीतून कांताबाईनं डोकं वर केलं. "नाही गेली अजून. तू हो पुढं, मी येतो मांगून."

पूनमसिंग सायकलीसकट नालीत गेला. उकंडा हसून हसून हौद्यात आडवा झाला, पण कांताबाई हसली नाही. घरी आल्यावर शांतपणे म्हणाली, "जवाईबापू, निजून मी एकदाच जाईन, थे तुमीच नेसान. हे जानं बसून होऊ द्या. मी जलमभर लोकायच्या गाड्यायच्या मांगं मांगं चालली. पाटलाची गाडी असो का सावकाराची, माह्यं कपाळ गाडीच्या मांगच्या फळीकडे. मले एक बार पुढं बसून रस्ता पाहू द्या."

नागोरावाला भरून आलं, आणि भरून आलं की तो उठून खिळे शोधायचा. पंधरा दिवस राहिले होते. पुढची सीट म्हणजे एक लांब बाक होतं, स्प्रिंगा बाहेर आलेलं. सदाशिवराव त्यावर वर्तमानपत्राची जाड घडी टाकून बसत. ते त्यानं उपटून काढलं. सागाच्या अखंड फळीचं नवं बाक केलं, मऊ ठोकलेल्या काथ्याची गादी, वर जिनिंगच्या झाडणीतल्या रुईचा थर. खोळ रुखमाबाईनं शिवली, निळ्या पट्ट्यांच्या सतरंजीची. चार रात्री ती हातानं शिवत बसली. समोरच्या पत्र्याला भोक पाडून त्यानं ताठ पायासाठी लाकडी पेटीच बाहेर काढली, आतून गोणपाट लावलेली. धरायला मूठ, पाठीला टेकू, चढायला बुटक्या पायऱ्या. वस्ती पाहायला लोटली. असं काम यवतमाळच्या गॅरेजातही होणार नाही, असं दहाजण म्हणाले आणि नागोरावानं ते अकरावेळा ऐकलं.

कांताबाई आली. काठी टेकून उभी राहिली, खोळीवरून हात फिरवला, मूठ धरून पाहिली. चेहरा उजळला. मग तिची नजर स्टिअरिंगकडे गेली.

"तुमी कोठी बसान?"

"अठीसाच ना आत्याबाई. चाक अठीच हाये."

"याच बैठकीवर?"

"मंग?"

कांताबाईनं पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि दोन पावलं मागं सरकली. सासूनं जावयाच्या बरोबरीनं एका खाटेवर, एका चटईवर बसू नये, ही आपल्याकडची रीत. जावई ओसरीवर तर सासू दाराआड. नागोराव हे लहानपणापासून पाहत आला होता, लग्नाला दहा वर्षं झाली होती, सासूनं एकदाही त्याच्यासमोर खाटेवर बूड टेकलं नव्हतं, आणि आठ-नऊ दिवस तो दोघांसाठी एक अखंड बाक रंधत बसला होता. पैज लावा, चुकून लाकूड तिरपं कापणारे पुष्कळ मिळतील, पण अशी चूक करायला घाटंजीचाच जावई पाहिजे.

त्यानं वाद घालून पाहिला. "आत्याबाई, हे सगळं जुनं सोडलं ना आपण?"

"देव सोडले बापू. मर्यादा नाही सोडली."

"अवो, पन मोटार हाये हे, खाट थोडीच हाये."

"गादी हाये, टेका हाये, नवरा-बायकोवानी दोघं बसाचं हाये. खाट नाही तं काय हाये?" आणि ती खोपटाकडे चालू लागली. जाताना मात्र तिनं वळून त्या निळ्या खोळीकडे एकदा पाहिलं, आणि ते नागोरावानं पाहिलं. तिला बसायचं होतं. फार फार बसायचं होतं. आणि ती बसणार नव्हती.

मग आली करवत. सहा दिवस राहिले होते. सागाची फळी मधोमध चिरताना नागोरावाला आपलाच हात चिरल्यासारखं वाटत होतं. उकंडा दुसऱ्या टोकाला करवत ओढत म्हणाला, "सासूचं बाक येगळं, जवायाचं येगळं. आता मंधात भिताड घाल म्हंजे झालं." भिंत नाही, पण दोन्ही बाकांमध्ये हात-सव्वा हाताची मोकळी जागा त्यानं ठेवली आणि प्रत्येकाला आपापले चार पाय दिले, आपापल्या चार नटांनी तळाला आवळून. खोळीचेही दोन तुकडे झाले. रुखमाबाईनं ती उसवून पुन्हा शिवली. शिवता शिवता एकदा तिनं मान वर केली, काहीतरी बोलणार होती बहुतेक. पण नागोराव नटाला वायसर शोधत होता आणि वायसर खाटेखाली गेला होता.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी पहाटे ते निघाले. कांताबाईनं दोन बाकांमधल्या जागेतून काठी आरपार फिरवून पाहिली, ती कुठंच अडत नाही अशी खात्री केली आणि मगच बसली. पाय पेटीत गेला. मागं हौद्यात गोणपाटावर उकंडा, आठ वर्षांची नलू आणि रुखमाबाई. रुखमाबाई पांढरं लुगडं नेसली होती. नागोराव त्या वेळी टायरमधली हवा ठोकून पाहत होता.

गावाबाहेरच्या नाक्यावर सदाशिवराव उभे. हातात पिशवी, डोक्यावर काळी टोपी, यवतमाळचं काम. मोटार दिसली तसे ते नेहमीसारखे पुढच्या दाराशी आले आणि कडीला हात घातला. या माणसानं त्याचा एकेक अर्ज तीनतीनदा लिहिला होता. त्याच्या आधी कांताबाईच हलली. कोणी काही म्हणण्यापूर्वीच तिनं मूठ धरली आणि ताठ पाय पेटीतून ओढायला लागली. "बसा साहेब, बसा. मी जातो मांगं." साठ वर्षांची सवय होती ती, तिला स्वतःलाही कळलं नसेल आपण उठतोय ते.

"आत्याबाई, उठू नोका." नागोरावाचा आवाज त्याच्याच कानाला अनोळखी वाटला. मग तो सदाशिवरावांकडे वळला. "साहेब, आज पुढची सीट आत्याबाईची हाये. मांगं बसावं लागन तुमाले."

सदाशिवराव क्षणभर तसेच उभे राहिले, कडीवर हात ठेवून. कान लाल झाले होते, ते खोटं कशाला सांगू? मग त्यांनी आत वाकून ती पाय ठेवायची पेटी पाहिली, मूठ पाहिली, आणि म्हणाले, "नागपूरला निघालात वाटतं." दार लोटलं, कडी नीट घातली आणि मागं जाऊन शिडीवरून हौद्यात चढले. चढ लागल्यावर उकंडा ओरडला, पुढं सरका, तेव्हा तहसिलीचे हेडक्लार्कही पिशवी पोटाशी धरून पुढं सरकले. यवतमाळला उतरताना नागोरावाला म्हणाले, "शिडीची तिसरी पायरी हलते. बघून घे." एवढंच बोलले, आणि नागोरावाच्या मनावरचं ओझं उतरलं.

पुढचा रस्ता म्हणजे कांताबाईचं राज्य. ती सगळं पाहत होती आणि पाहिलेलं सगळं सांगत होती. कळंबच्या पुढं बैलगाड्यांची रांग लागली, नागोरावानं हॉर्न दाबला, गाड्या बाजूला झाल्या, आणि मोटार एकेका गाडीला मागं टाकत गेली तशी ती मोजायला लागली. एक. दोन. पाच. नऊ. नवव्या गाडीनंतर तिनं पदरानं डोळे पुसले. विचारलं तर म्हणाली धूळ गेली. देवळीजवळ पावसाची एक सर येऊन गेली. पट्टीची सुतळी ओढायची पाळी तिच्यावर आली आणि ती तिनं अशी ओढली की काच पुसली गेली, शिवाय सुतळीही तुटली. वर्ध्याला सगळ्यांनी चहा घेतला, तिनं तो बसल्या जागी घेतला. उतरा म्हटलं तर म्हणाली, "उतरली आन् माही जागा कोनी घेतली मंग?"

नागपुरात त्यांनी मुक्काम केला आणि दसऱ्याला सकाळी मैदानाकडे निघाले. गर्दी एवढी की मोटार लांबच उभी करावी लागली. उरलेला रस्ता कांताबाई आपल्या पायानं चालली, एका हातात काठी आणि दुसरा हात रुखमाबाईच्या खांद्यावर. चार शेतांएवढं अंतर, पण पाऊण तास लागला. कोणी उचलू म्हटलं तर काठी उगारायची. एका कडेला सावली होती, तिथं दीक्षा घ्यायला आलेली अनेक नवी माणसं बसली होती, पुढं एक भंतेजी. कांताबाई ताठ पाय समोर पसरून बसली. बुद्धं शरणं गच्छामि, भंतेजी म्हणाले, आणि तिचा आवाज, वस्तीभर भांडणात घुमणारा तो आवाज, असा बारीक निघाला की नागोरावाला ऐकू येईना. तो मागं उभा होता. आठ वर्षांचं काहीतरी त्याच्या छातीतून हलकं झालं. आपण आणलं हिला, असं त्याला वाटलं, आणि ते वाटणं गोड होतं. त्याला हसू येत होतं आणि रडूही.

मग त्याच्या लक्षात आलं की आवाज दोन आहेत. कांताबाईच्या शेजारी रुखमाबाई बसली होती, हात जोडून, डोळे मिटून, पांढऱ्या लुगड्यात, आणि शब्दामागून शब्द म्हणत होती.

सगळं आटोपल्यावर तो तिच्याजवळ गेला. "तू कायले म्हनून राह्यली होती वं? तू तं गावात घेतली ना, भंतेजी आलते तवा?"

"मी कवा घेतली?" रुखमाबाई म्हणाली. "त्या दिवशी नलूले गोवर होता. मी घरी होती."

"मंग सांगतलं काहून नाही? सात वर्स झाले."

"माय बी राह्यलीच होती ना. वाटलं, माय जाईन तवा जाऊ." मग तक्रार म्हणून नव्हे, आहे तसं सांगावं तशी म्हणाली, "छप्पन साली मी बी राह्यलतीच."

छप्पन साली सासूचं नागपूर हुकलं, सासूचं हुकलं, हे नागोराव आठ वर्षं उगाळत होता. आणि ज्या खाटेवर कळा देत ही पडली होती, त्या खाटेवरच्या बाईचंही काही हुकलं असेल, हे त्याच्या या चलाख डोक्यात एकदाही आलं नव्हतं. त्यानं सगळ्या घाटंजीसाठी मोटारीला काय काय लावलं. लाज वाटली त्याला, खरोखरीची लाज.

परतायच्या वेळी रुखमाबाई मागच्या शिडीकडे गेली. नागोराव म्हणाला, "थांब." हत्यारांची पेटी उघडली, सासूच्या बाकाचे चार नट सोडले आणि शिडीची फळी दोन्हीकडे टेकेल एवढं ते आत ओढलं. मधल्या जागेवर ती फळी बसवली, वर घोंगडी घातली. भर रस्त्यात, येणारेजाणारे बघत असताना. नट आवळून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की हे पुन्हा एकच बाक झालं, आणि तो चोरासारखा सासूकडे बघायला लागला.

कांताबाई काठीवर हनुवटी टेकून ते सगळं पाहत होती. म्हणाली, "रुखमी मंधात बसन?"

"हो, आत्याबाई."

"मंग बसतो मी. लेक मंधात असली म्हंजे सासू-जवाई एका बैठकीवर नाही होत." आणि मग तिच्याही ते ध्यानात आलं. ती दोन्ही अर्ध्या बाकांकडे पाहत राहिली. काखेत कळसा आणि गावाला वळसा. लेकीला मध्ये बसवायचं सुचलं असतं तर सागाची फळी चिरावीच लागली नसती, सासूही पहिल्याच दिवशी हसत बसली असती. जावयाला सुचलं नव्हतं आणि, खरं तर, आईलाही सुचलं नव्हतं. ती लेकीला म्हणाली, "रुखमे, करवत चालली तवा तुले तरी सुचलं नाही का वं?"

"सुचलतं," रुखमाबाई म्हणाली.

"मंग बोलली काहून नाही?"

"मले कोनी इचारलं?"

उकंड्यानं नलूला हौद्यात चढवलं. कांताबाई चढली, पाय पेटीत घातला. मग रुखमाबाई चढली आणि आईच्या आणि नवऱ्याच्या मधे बसली, पाठ टेकून. नागोरावानं स्टिअरिंगवर हात ठेवले, पण मोटार चालू केली नाही. तो बायकोकडे वळला. इतक्या वर्षांत त्यानं तिला हे कधी विचारलं नव्हतं, म्हणून शब्द जरा अडखळले.

"बरोबर हाये का तुले बसाले? टेका हाये तसा ठेवू, का बदलू?"

रुखमाबाईनं पाठ मागंपुढं करून पाहिली, घाई न करता. "बोटभर खाली पाह्यजे," ती म्हणाली. नागोराव पाना घेऊन खाली उतरला.